घाटाच्या दोन्ही अंगांची भुयारे

बुलढाणा जिल्ह्यात नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात, "घाटावरचे की घाटाखालचे?" अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार; खाली मोताळा, मलकापूर, नांदुरा आणि पूर्णेच्या काळ्या मातीचा सपाट मुलूख. घाट उतरला की बोली बदलते, पीक बदलते, सोयरिकीची गावे बदलतात. पाण्याची दिशाही बदलते. घाटाखालचा पाऊस पूर्णेला जातो, चांगदेवजवळ तापीला मिळतो आणि अरबी समुद्र गाठतो. घाटावर, बुलढाण्याच्या परिसरात पैनगंगा उगम पावते; तिचे पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा लांबचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात जाते. या जलविभाजकाच्या ऐन पायथ्याशी रोहिणखेड वसले आहे.

आज ते मोताळा तालुक्यातले एक गाव आहे. एके काळी मात्र बऱ्हाणपुराहून दौलताबाद आणि अहमदनगरकडे जाणारी फौजांची वाट याच घाटाने वर चढत असे. १४३७ मध्ये खानदेशचा नसीर खान फारुकी वऱ्हाडात घुसला, तेव्हा बहामनी सरदार खलफ हसन बसरी याने त्याला रोहिणखेडला हरवले आणि थेट बऱ्हाणपुरापर्यंत पिटाळले. १५९० च्या सुमारास इथेच निजामशाहीच्या गादीचा निकाल लागला. बुऱ्हाण निजामशहाने खानदेशच्या राजा अली खानाच्या मदतीने जमाल खान महदवीचा पराभव केला. जमाल खान लढाईत मारला गेला. ज्याच्या ताब्यात घाट, त्याच्या हातात दख्खनची किल्ली, हे त्या काळातल्या प्रत्येक सरदाराला ठाऊक होते.

या वाटेवरून जायचे माझ्या मनात होते ते वेगळ्या कारणासाठी. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या डोंगराच्या दोन्ही अंगांना दोन शहरे जमिनीखाली भुयारे खणत होती. उत्तरेला बऱ्हाणपूर, मोगलांची दख्खनमधली राजधानी. दक्षिणेला खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. बऱ्हाणपुरात अब्दुल रहीम खानखानान, दोह्यांमुळे आपल्याला माहीत असलेला कवी रहीम. खडकीत मलिक अंबर, हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये आलेला आणि निजामशाहीचा कर्ता झालेला मुत्सद्दी. रणांगणावर ते एकमेकांचे वैरी होते. आपापल्या शहरासाठी मात्र दोघांनी एकच गोष्ट केली: जमिनीखालून पाणी आणले. हे पाणी कसे आले, आणि वापरून झाल्यावर आज कुठे जाते, हे पाहत मी बऱ्हाणपुराहून रोहिणखेडमार्गे संभाजीनगरपर्यंत गेलो.

बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा शहराबाहेर आहे. १६१५ मध्ये इराणी भूगर्भतज्ज्ञ तबकुतुल अर्ज याच्या आखणीनुसार तो बांधला गेला. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी जमिनीखालून तापीकडे सरकत असते. त्या पाण्याला मधेच गाठायचे, उतारावर ओळीने विहिरी खणायच्या आणि त्यांचे तळ भुयाराने जोडायचे, अशी ही इराणी पद्धत. पंप नाही, मोट नाही. उतार पाणी नेतो. विहिरींना इथे कुंड्या म्हणतात. अशा शंभरावर कुंड्या आहेत. त्यांतून भुयारात हवा आणि उजेड जातो, आणि साफसफाईसाठी माणूस उतरतो.

एका कुंडीत पाळणा बसवला आहे. सुमारे ८० फूट खाली उतरलो. वरच्या उन्हाचा मागमूस राहिला नाही. दोन्ही भिंतींवर चुनखडीचे पांढरे थर चढले होते, खाली पाणी सावकाश सरकत होते आणि पुढच्या कुंडीतून उजेडाचा एक गोल त्यावर पडला होता. चारशे वर्षांनंतरही हे पाणी वाहते आहे आणि लोक ते वापरतात. बऱ्हाणपूरच्या माणसाला त्याचा अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कुंडी भंडाऱ्याचा समावेश झाला.

वर आल्यावर जुन्या शहराच्या गल्ल्यांतून तापीच्या राजघाटाकडे निघालो. यंत्रमागांचा खडखडाट, कापडाचे गठ्ठे, दाटीची घरे आणि घरांच्या कडेने उघडी गटारे. शहराचा उतार नदीकडे आहे, म्हणून गटारांचा उतारही नदीकडेच. डोंगराकडून शहरात पाणी आणणाऱ्या भुयाराला नाव आहे, इतिहास आहे, तिकीट आहे. शहराकडून नदीकडे घाण नेणाऱ्या नालीला यांतले काही नाही. माझ्या प्रवासाचा खरा विषय इथे पक्का झाला.

बऱ्हाणपुराहून मुक्ताईनगर, मलकापूर, मोताळा करत रोहिणखेडला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. दक्षिणेला घाटाची भिंत आडवी पसरलेली. गावात मी आधी मशीद पाहिली. वऱ्हाडातला मातबर सरदार खुदावंद खान महदवी याने ती १५८२ मध्ये बांधली. घडीव दगडाचे काम, मोजके आणि नेटके. जमाल खान ज्या पंथाचा होता, त्याच महदवी पंथाचा हा सरदार. त्यामुळे मशिदीची आणि आठ-नऊ वर्षांनी झालेल्या लढाईची कहाणी एकाच सूत्रात गुंफलेली आहे.

मशिदीहून गावात फिरलो. इथे भुयार नाही. गावाचे सांडपाणी जमिनीवरूनच चालते. न्हाणीचे, भांड्यांचे, कपड्यांचे पाणी घरातून गल्लीत येते. काही ठिकाणी सिमेंटची नाली आहे, काही ठिकाणी पाण्याने स्वतः वाट काढली आहे. एका ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या काकांना मी विचारले, हे पाणी पुढे कुठे जाते? त्यांनी हाताने उताराची दिशा दाखवली आणि म्हणाले, "नाली तं बांधली भाऊ, पन पानी जाईन कुठं?"

महाराष्ट्रातल्या हजारो गावांचा आणि बहुतेक शहरांचा प्रश्न त्यांनी एका वाक्यात मांडला. नाली बांधणे हे कंत्राटाचे काम आहे, ते एका मोसमात होते, उद्घाटनाचा फलकही लागतो. नालीच्या शेवटी काय, हा प्रश्न त्या कंत्राटात नसतो. मग नाली ओढ्यात सोडली जाते. घाटाखालचा ओढा पूर्णेकडे वळणार. पूर्णा चांगदेवला तापीत मिसळणार. त्या संगमाच्या खालीच हतनूरचे धरण आहे आणि भुसावळ त्याचे पाणी पिते. रोहिणखेडच्या गल्लीतले पाणी पाऊसकाळात याच वाटेने जाते. त्याच्या पाठोपाठ वाटेवरच्या प्रत्येक गावाचे येते.

गावापुरते पाहिले तर उपाय अवघड नाही. घराच्या मागे शोषखड्डा घ्यायचा, त्यात दगडगोट्यांचे थर द्यायचे, मधे गाळ आणि तेलकट अंश अडवणारे भांडे ठेवायचे. न्हाणीचे पाणी तिथेच जमिनीत मुरते. हे ज्ञान आपल्याकडे फार जुने आहे. नेवाशासारख्या सातवाहनकालीन वस्तीत उत्खननात भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेले शोषखड्डे सापडले आहेत. आपल्या काळात नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे घेऊन उघडी गटारे बंद केली. डास कमी झाले, आणि ही पद्धत 'नांदेड पॅटर्न' म्हणून दूरवर पोहोचली. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते, म्हणून घाटाखाली खड्डा मोठा घ्यावा लागेल किंवा चार घरांमागे एक सामाईक खड्डा करावा लागेल. तेवढा हिशेब कोणताही जाणता गवंडी करू शकतो. संत गाडगेबाबा याच वऱ्हाडातले. त्यांनी हातात खराटा घेऊन जे शिकवले, त्याची पुढची पायरी आज शोषखड्ड्याची आहे.

रोहिणखेडहून परत मोताळ्याला आलो आणि एसटीने राजूर घाट चढून बुलढाण्याला पोहोचलो. घाटाच्या वळणांवरून मागे पाहिले की पूर्णेचे खोरे धुरकट क्षितिजापर्यंत पसरलेले दिसते. वर आलो तशी हवा बदलली. याच जिल्ह्यात, घाटावर, लोणारचे उल्कापाताने झालेले सरोवर आहे. २०२० मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. जगात दुर्मीळ असलेल्या त्या खाऱ्या पाण्यात लोणार गावाचे सांडपाणी वर्षानुवर्षे उतरत राहिले आणि ते थांबवण्यासाठी लोकांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जावे लागले. घाटाखाली असो वा घाटावर, प्रश्न एकच आहे.

बुलढाण्याहून देऊळघाट, धाड करत भोकरदन. केळणा नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सातवाहन काळात ते इतके भरभराटीला आले होते की पाँपेईत सापडलेली प्रसिद्ध हस्तिदंती मूर्ती इथल्या कारागिरांची असावी, असे काही अभ्यासक मानतात. तिथून सिल्लोड, फुलंब्री आणि मग अजिंठा रस्त्याने हर्सूल.

हर्सूलला उतरून पुढे चालायचे मी आधीच ठरवले होते, कारण मलिक अंबरची नहर याच बाजूच्या डोंगराळ भागातून शहरात येते. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत नहर-ए-अंबरी बांधली. चुन्यात बांधलेले भुयार, माणूस आत चालू शकेल एवढे उंच. ठरावीक अंतरावर साफसफाईसाठी तोंडे, अशी सुमारे १४० तोंडे सांगितली जातात. भुयाराचे पाणी गायमुखापर्यंत येई आणि तिथून भाजक्या मातीच्या नळांनी हौदांत, मशिदींत, वाड्यांत, मोहल्ल्यांत जाई. पुढच्या काळात या शहरात आणखी नहरी झाल्या. बेगमपुऱ्यातला थत्ते हौद आजही त्यांची आठवण देतो. १६१६ मध्ये रोषणगावच्या लढाईत खानखानानाच्या मुलाने मलिक अंबरचा पराभव केला आणि मोगलांनी खडकी लुटून जाळली. १६२१ मध्ये शाहजहानच्या स्वारीत ती पुन्हा उद्ध्वस्त झाली. दोन्ही वेळा शहर उभे राहिले. जमिनीवरचे जळाले होते. पाणी जमिनीखाली होते. ही नहर तीनशेहून अधिक वर्षे लोकांना पाणी देत राहिली.

पाणचक्कीला गर्दी होती. उंच भिंतीतून वर चढवलेले पाणी हौदात कोसळत होते आणि लहान मुले कठड्याला लटकून तुषार अंगावर घेत होती. हेही पाणी डोंगरातून नहरीनेच येते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यावर येणाऱ्या फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी ते दळण दळत असे. उताराने आलेले पाणी भिंतीतल्या नळातून दाबाने वर चढवायचे, त्याला पडायला लावायचे आणि त्या जोरावर जाते फिरवायचे, ही बुद्धी पाहून मन भरून येते.

पाणचक्कीच्या भिंतीला लागूनच खाम नदी वाहते. बाहेर पडून मी महमूद दरवाजाजवळच्या पुलावर उभा राहिलो. एका बाजूला तीन-चार शतकांपूर्वी आणलेले निर्मळ पाणी, दुसऱ्या बाजूला आपल्या पिढीने नदीत सोडलेले. मधे एक भिंत. गेल्या काही वर्षांत महापालिका आणि नागरिकांनी मिळून खामच्या पात्रातला कचरा काढला, काठ मोकळे केले, झाडे लावली. पूर्वी ज्यांनी ही नदी पाहिली आहे त्यांना फरक जाणवतो, आणि त्या कामाला मनापासून दाद द्यायला हवी. पण काठ सुंदर झाल्याने पाणी शुद्ध होत नाही. नाल्यांतून येणारे सांडपाणी जोवर मधे अडवले जात नाही, तोवर नदी नदी होत नाही.

त्यासाठी शहरात भूमिगत गटाराच्या वाहिन्या टाकल्या गेल्या आणि कांचनवाडीला मोठे शुद्धीकरण केंद्र झाले. म्हणजे या ऐतिहासिक शहराच्या पोटात आता दोन काळांची भुयारी व्यवस्था आहे: मलिक अंबराची पाणी आणणारी आणि आपली सांडपाणी नेणारी. दोन्हींचे तत्त्व एकच. उतार. फरक एवढाच की नहरीत उतार चुकला तर पाणी अडते; गटारात उतार चुकला तर पाणी सडते. वेग कमी पडला की गाळ बसतो, गाळातला प्राणवायू संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड व मिथेन तयार होतात. म्हणून गटाराला पुरेसा उतार देणे हा सगळ्या शास्त्राचा गाभा आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने लंडनची संसद हवालदिल झाली, तेव्हा जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने जी भुयारी गटारे बांधली, ती त्याच तत्त्वावर अजून चालतात. त्याने पुढच्या पिढ्यांचा विचार करून वाहिन्या मोठ्या ठेवल्या. आपल्याकडे आजची लोकसंख्यासुद्धा अंदाजात पूर्ण धरली जात नाही, आणि नंतर रस्त्याच्या मधोमध चेंबर उसळू लागतो.

जुन्या शहरात या दोन व्यवस्थांची गाठ पडते, ती आपल्या हलगर्जीपणामुळे. नहरीच्या मार्गावर घरे झाली, तिची तोंडे बुजली, खोदकामात मातीचे नळ फुटले, आणि काही ठिकाणी सांडपाणीच नहरीत शिरले. ज्या भुयाराला युद्धे आणि जाळपोळ काही करू शकली नाही, ते न्हाणीच्या एका पाइपने बाटले. वारसा म्हणून पाणचक्की जपायची आणि तिला पाणी देणारी नहर गल्लोगल्ली तोडायची, हे दोन्ही एका वेळी चालणार नाही.

पुलावरून दिसणारे खामचे पाणी पुढे वाळूजच्या बाजूने जात पैठणच्या नाथसागराला मिळते. नाथसागरातूनच संभाजीनगरला पिण्याचे पाणी पंपाने वर आणले जाते. शहर जे सोडते, तेच काही काळाने गाळून, औषध टाकून त्याच्याच नळाला येते. घाण 'तिकडे' गेली असे आपण म्हणतो. तिकडे नावाची जागा नदीच्या नकाशावर कुठेच नाही.

या भुयारांविषयी लिहिताना त्यांत उतरणाऱ्या माणसाला वगळता येणार नाही. नहरीच्या तोंडातून उतरणारा माणूस पिण्याच्या पाण्याची वाट साफ करायचा. गटाराच्या चेंबरमध्ये उतरणारा माणूस मरणाच्या दारात उतरतो. तिथला वायू जास्त प्रमाणात असला तर नाकाला वाससुद्धा येईनासा होतो आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपयांची भरपाई बंधनकारक केली आणि २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. तरी गटारात गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत, आणि मरणारी माणसे बहुधा त्याच दोन-चार जातींतली असतात. सफाईचे यंत्र विकत घेता येते. ते न घेणे हा निर्णय असतो आणि त्याची किंमत ठरावीक घरेच मोजतात. कोणत्याही शहराची भुयारी गटार योजना किती किलोमीटरची झाली, यापेक्षा तिच्यात माणूस उतरवावा लागतो का, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

खानखानान आणि मलिक अंबर यांच्या शहरांनी पाणी आणण्याचा प्रश्न सोडवला. वापरलेले पाणी त्या काळात थोडे होते, परसात किंवा शेतात मुरत होते. आज नळ घरोघरी आले, पाणी वाढले, त्याबरोबर सांडपाणीही वाढले. आपण त्यांच्या कामाचा पहिला अर्धा भाग मिरवतो आणि दुसरा अर्धा, जो केवळ आपला आहे, तो करत नाही. पाणीपुरवठा योजनेच्या नारळाला मंत्री येतात. शुद्धीकरण केंद्र बंद पडले तर कुणाला कळतही नाही.

वाचकांना माझे सांगणे एवढेच आहे. बऱ्हाणपूरला कुंडी भंडारा पाहा, रोहिणखेडची मशीद पाहा, पाणचक्की तर पाहाच. त्यानंतर थोडे पुढे चालून खाम पाहा, आणि घरी परतल्यावर आपल्या गावाची नाली शेवटपर्यंत चालत जा. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेला होता, आणि स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्याची सोय करणे हे कामच आहे. ग्रामसभेत उभे राहून त्याचा हिशेब मागा. शहरात राहत असाल तर नगरसेवकाला रस्ता आणि दिवा याबरोबर एक तिसरी गोष्ट विचारा: आमच्या वॉर्डातले सांडपाणी शुद्ध होऊन जाते की तसेच, आणि चेंबर साफ करायला यंत्र येते की माणूस? रोहिणखेडच्या त्या काकांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ज्या गावाकडे आहे, तेच गाव पाण्याच्या बाबतीत खरोखर सुधारलेले म्हणावे.